अर्धी बिडी

माझा भाऊ गोमाजी एकोणऐंशीच्या खेपी पाण्याखाली किती वेळ होता, हे खरं फक्त मले माहीत होतं. मी ते कोणाले सांगितलं नाही. गोमाजीलेही नाही.

आमचं गाव पवनीपासून चार कोसावर. गावाच्या वरच्या अंगाले तलाव, खाली धानाच्या बांध्या. एकोणऐंशी साली पोळ्यानंतर पावसानं तोंड फिरवलं. भारी, उशिरा पिकणारा धान निसवायले, लोंब्या टाकायले आला अन् बांधीतल्या चिखलाले भेगा पडल्या. हाताचा पंजा जाईन एवढ्या. पंचांनी ठरवलं, तुडूम उघडा.

तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीच्या, मातीच्या बांधाच्या, पोटातून गेलेली दगडी मोरी. एक तोंड बांध्यांकडं, दुसरं तलावाच्या तळाशी. तळाच्या तोंडाले लाकडाचं बूच ठोकलेलं असते. ते काढायले माणसाले बुडी मारा लागते. हे काम आमच्या घराकडं. आजा करे, बाप करे, बाप गेल्यावर गोमाजी. कमरेले अंबाडीचा दोर बांधायचा. दोराचं टोक पाळीवर घरच्याच माणसाच्या हातात, बाहेरच्याच्या हातात नाही, अशी रीत. खालून दोन झटके आले का ओढायचं. अन् गडी बुडाला का दोरवाल्यानं बिडी पेटवायची. अर्धी बिडी झाली अन् झटका नाही आला, तरी ओढायचं. कोणाले विचारत बसायचं नाही.

"इश्वर, मले ओढजो बे, बिडी नको ओढत बसू," गोमाजी दोर बांधता बांधता बोलला. "मागच्या खेपी पुरी पिऊन टाकली होती यानं."

पाळीवरचे लोक हासले. रुखमा वहिनी त्याचं कोरडं धोतर घेऊन उभी होती, तीही हासली.

गोमाजीनं तलावाले हात जोडले अन् गेला. मी काडी ओढली. काड्या ओल्या होत्या, तिसरी पेटली. बिडी अर्धी झाली. झटका नाही. मी ओढलं.

दोर हलका आला. टोकाले गाठ सुटलेली, नुसता चिखल.

वहिनीच्या हातातलं धोतर खाली पडलं. तिनं दोराचं टोक हातात घेतलं अन् उलटंपालटं करून पाहिलं, जसा काही नवरा त्याच्यातच कुठं अडकला असन. दोघं जण पाण्यात उतरले, हाती काही लागलं नाही. पाळीच्या पलीकडं पाणी सुटल्याचा आवाज आला, तसे काही जण तिकडं धावले. मोरीतून काय बाहेर पडते ते पाहायले. माझी बिडी बोटापर्यंत आली अन् भाजलं, तेव्हा मी ती टाकली.

त्याच वेळी मले तीस-पस्तीस हात दूर शिंगाड्याचा वेल हालताना दिसला. वाटलं, पाणकोंबडी असन.

मंग बऱ्याच वेळानं तिथूनच गोमाजीचं डोकं निघालं. गळ्यात वेल, नाकातून रक्त.

झालं एवढंच होतं. गढूळ पाण्यात त्याची दिशा चुकली अन् तो वेलाखाली निघाला. नाक तेवढं बाहेर, तोंडावर वेल, हाक मारायले दम नाही. आम्ही इकडं छाती पिटून राहिलो होतो तेव्हा तो तिकडं श्वास घेऊन राहिला होता. त्याले स्वतःले शुद्ध नव्हती. मले होती.

त्याले पाळीवर निजवलं. तो खोकलून राहिला होता. तेवढ्यात लोकांतून यादोराव पुढं आले. यादोराव म्हणजे आमच्या भजन मंडळाचे म्होरके, साठीचा माणूस. सहा वर्षांमागं त्यांचा एकुलता एक पोरगा तुलाराम याच तलावात बुडाला होता. प्रेत मिळालं नव्हतं. यादोरावानं गोमाजीचे दोन्ही पाय धरले.

"गोमा, खाली गेला होता ना तू एवढा वेळ? माझा तुलाराम दिसला का रे? सांग ना बापा. बरा आहे का तो?"

गोमाजीची मान हालली. खोकल्यानं हालली का त्याले म्हाताऱ्याची कीव आली, ते मले माहीत नाही. पण हालली. अन् वरून खाली हालली.

यादोरावानं त्याच्या पायावर डोकं टेकवलं अन् उचललंच नाही.

सांजपर्यंत गावात झालं, गोमाजी एक बिडीभर पाण्यात होता. दिवाळीत झालं, पाव घंटा. मंग मी पवनीच्या बाजारात गेलो. एका कोष्ट्याच्या दुकानात वहिनीसाठी लुगडं पाहून राहिलो होतो. त्यानं गाव विचारलं.

"त्याच गावचे? ते पाण्यातले महाराज तुमच्याकडचेच ना?"

"माझा भाऊ होय."

"सख्खा? मंग खरं सांगा जी, किती वेळ होते ते खाली?"

दुकानातले सगळे माझ्याकडं पाहून राहिले. मी म्हणलं, "अर्धा घंटा."

तो माणूस गादीवरून उठला अन् माझ्या पाया पडला. मी बावीस वर्षांचा होतो. तोपर्यंत माझ्या पाया कोणी पडलं नव्हतं. मले ते बरं वाटलं, खोटं कायले बोलू.

कापणीच्या पहिल्या दिवशी गोमाजी विळा घेऊन बांधीत उतरला, तर बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर यादोराव अन् पंधरा-वीस माणसं उभी. यादोरावानं त्याच्या हातातून विळा काढून घेतला.

"महाराज, तुमच्या हाताले हे शोभत नाही."

"अहो काका, महाराज काय लावलं? माझा धान आहे, कापू द्या ना."

"आम्ही कापतो."

त्यांनी कापला. भजन म्हणत, टाळ्या वाजवत, ओढून ओढून कापला. अर्ध्या लोंब्या बांधीतच गळल्या. माणसं गेल्यावर वहिनी वाकून एक एक लोंबी वेचत होती. गोमाजी मदत करायले वाकला, तर रस्त्यानं जाणारी एक बाई धावत आली अन् त्याच्या पायाखालची माती पदरात बांधून घेऊन गेली. गोमाजी तसाच वाकलेला राहिला. मंग सरळ झाला अन् धुऱ्यावर जाऊन बसला.

आमच्या खळ्यावर त्यांनी ओटा बांधला. रविवारी जवाहरनगरचे कारखान्यातले लोकही येत, बायका-पोरं घेऊन. गोमाजीचे पाय धूत अन् ते पाणी पीत. त्याच्या पायाले उन्हाळ्यातल्या भेगा, भेगांत शेण. एकदा चिडून तो एकावर ओरडला, "अबे सोड ना पाय, हरामखोरा!" त्या माणसाच्या पोरीचा ताप त्याच सांजेले उतरला. तेव्हापासून लोक शिव्या खायले येऊ लागले. गोमाजी चूप राहिला तर त्याले डिवचत. आधी मले हासू येई. मंग गोमाजीनं शिव्या देणंच सोडलं. तसा तो अर्धा मुका त्याच वर्षी झाला.

बिडीही बंद झाली. यादोरावानं सगळ्यांलेच सांगितलं, महाराजांच्या जागी अन् तलावाच्या पाळीवर बिडी-तंबाखू चालणार नाही. गोमाजी गोठ्यात येऊन माझ्यापाशी मागे. "दे बे एक दम. कोणी येत तर नाही ना?" घरचा कर्ता माणूस, म्हशीच्या आड बसून, हातानं धूर हाकलत बिडी पिई.

अन् त्याले पाण्याचं भेव बसलं होतं. हे फक्त घरात माहीत. तलावावर आंघोळीले जाणं त्यानं सोडलं. वहिनी घरी गुंडभर पाणी अंगावर टाके, तेव्हा तो डोळे मिटून तिचा हात घट्ट धरून ठेवे. पुढच्या वर्षी रोवण्याच्या वेळी बांधीत घोटाभर पाणी, तर हा धुऱ्यावर उभा, पाय आत टाकेना. लोक म्हणत, महाराज उभ्यानं ध्यान करून राहिले.

ऐंशी सालीही परतीचा पाऊस आला नाही. धान पुन्हा तसाच अडला. यादोरावानं गावोगाव निरोप धाडले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी महाराज तुडूम उघडणार. या.

वहिनी यादोरावाच्या घरी गेली. मीही संग होतो. ती त्यांच्यासमोर कधी तोंड वर करून बोलली नव्हती.

"काका, दुसऱ्या गड्याले सांगा ना. पलीकडच्या गावचे मासे धरणारे ढिवर आहेत, ते उघडतीन. आमच्या घरच्याहिले पाण्याचं भेव लागते."

यादोरावानं हात जोडले. "माई, तुम्ही आम्हाले पारखून राहिल्या."

"माई नका म्हणू जी मले. तुमच्या सुनेच्या वयाची आहो मी."

"तुलारामाची बायको राहिली असती तर तुमच्याएवढीच राहिली असती," यादोराव बोलले अन् रडायले लागले. वहिनी उठून आली.

त्या रविवारी ओट्यावर गोमाजी स्वतः बोलला. शे-दीडशे लोक होते. त्यानं आधी घसा साफ केला. "मी जात नाही. मले भेव लागते. मी मरीन त्या पाण्यात. मी काही महाराज-बिहाराज नाही, तुमच्या पाया पडतो, मले सोडा."

अन् तो खरंच खाली उतरून समोरच्या म्हाताऱ्याच्या पाया पडला.

मले वाटलं, सुटलो. तर मागून एक बाई हुंदका देऊन बोलली, "काय नम्रता आहे वो माय!" अन् जयजयकार असा उठला का गोठ्यातली म्हैस दावं तोडायले लागली.

गोमाजीनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर घाम होता, ओठ पांढरे. मी खाली पाहिलं.

दसऱ्याच्या दुपारी त्यानं मले गोठ्यात बोलावलं. बिडी मागितली नाही. दाव्याशी चाळा करत बसला.

"इश्वर, एक विचारू?"

"विचार ना."

"मागच्या वर्षी मी खरंच अर्धा घंटा होतो का रे खाली? मले काही आठवत नाही. काळं काळं होतं, अन् मंग उजेड होता. तू तर दोर धरून होता. बिडी तुझ्याच हातात होती. तू सांग."

मी म्हशीपुढं वैरण सारली.

"म्हणजे पाहा, एवढे लोक म्हणतात. भंडाऱ्याहून लोक येतात. सगळे येडे आहेत का? त्या पोरीचा ताप तर उतरला. असन काही माह्यात, तर मंग भ्यायचं कायले, नाही का?"

तो माझ्या तोंडाकडं पाहून राहिला होता. एवढंच म्हणायचं होतं, दादा, तू वेलाखाली होता, नाक बाहेर होतं तुझं, तुझ्यात काही नाही. अन् दारात यादोराव उभे होते. हातात नवा दोर, त्याले हळद लावलेली. त्यांनी ऐकलं होतं. तेही माझ्याच तोंडाकडं पाहून राहिले होते. त्यांचे डोळे गोमाजीपेक्षाही भ्यालेले होते.

मी म्हणलं, "मोजलं नाही मी."

गोमाजीनं मान हालवली. "नाही मोजलं तू. म्हणजे असनही."

दुसऱ्या दिवशी पाळीवर पाय ठेवायले जागा नव्हती. बैलबंड्या, सायकली, कढईतले भजे. वहिनीले बायकांच्या मधात पाटावर बसवून गळ्यात झेंडूचा हार टाकलेला. तिचे हात मांडीवर, मुठी आवळलेल्या.

मी दोर घ्यायले गेलो तर यादोरावानं अडवलं. "आज दोर सगळ्यांचा. सगळ्यांले पुण्य लागलं पाहिजे."

"काका, घरच्यानं धरायची रीत आहे."

"आम्ही बाहेरचे का?"

दोर पाण्याच्या काठी यादोरावाच्या हातात, अन् तिथून मागं पाळीवर पन्नास-साठ माणसांच्या हातात. मी कुठंतरी मधात, दोन्हीकडून खांदे दाबलेले. मी खिशातून बिडी काढली. शेजारच्यानं माझ्या तोंडातून ती ओढून पायाखाली चिरडली.

"लाज नाही वाटत? महाराजांचा भाऊ ना तू?"

गोमाजी पाण्याशी उभा होता. अंगाले गुलाल. मागच्या वर्षीसारखं त्यानं काही चिडवलं नाही. दोराची गाठ दोनदा ओढून पाहिली. मंग वहिनीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, अन् नाक दाबून गेला.

टाळ सुरू झाले. बिडी नव्हती, तर मी मनातच बिडी पिऊ लागलो. एक दम. दुसरा दम. राख झाडली. तिसरा. चौथा. पाळीच्या पलीकडं पाणी सुटलं. आवाज आला तसा लोकांनी जयजयकार केला. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

अन् दोराले झटका आला. दोन झटके.

माझ्या हातात आले. साठ माणसांच्या हातात आले.

"आला! महाराजांचा आशीर्वाद आला!" कोणीतरी ओरडलं. लोकांनी दोराले कपाळ लावलं. माणसामागं माणूस वाकत गेला. पुन्हा दोन झटके. पुन्हा कपाळं.

"ओढा!" मी बोंबललो. "अबे ओढा, तो मरून राहिला!" टाळांत माझा आवाज मलेच ऐकू येईना. मी ओढलं तर पुढचा गडी दोराले छातीशी धरून रडून राहिला होता. त्याच्या डोक्यावर बुक्की मारली, तरी त्यानं सोडला नाही.

पुन्हा दोन झटके. पहिल्यापेक्षा हलके.

मनातली बिडी अर्धीच्या पुढं गेली होती.

तेव्हा पाटावरून वहिनी उठली. हार तोडला, बायकांले ढकलून उतारावरून घसरत पाण्याशी आली अन् यादोरावाच्या पुढं जाऊन तिनं दोर धरला. यादोरावानं तिचं मनगट पकडलं.

"माई, नको. थोडं थांबा. ते बोलून राहिले. माझ्या तुलारामासंग बोलून राहिले. पाया पडतो, थोडंसं बोलू द्या."

वहिनीनं त्यांच्या हाताले चावा घेतला. मांस तुटन असा. त्यांनी हात सोडला. मी लोकांच्या डोक्यावरून, खांद्यावरून, कसा गेलो माहीत नाही, पाण्यात पडलो अन् तिच्या मागं दोर धरला. दोर जड होता. मोरीत पाणी ओढत होतं, त्याचा पाय त्यात गेला होता. आम्ही दोघांनी ओढलं. वहिनीच्या तळहाताची साल दोराले चिकटून गेली. एकाएकी सुटला अन् वर आला. पायाची कातडी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत निघालेली. डोळे उघडे.

त्याले पालथा केला, पाठीवर मारलं, पोटातलं पाणी काढलं. श्वास आला. वहिनी त्याच्या गालावर चापट मारून म्हणे, "बोला ना. वो, बोला ना. शिवी द्या मले."

तो बोलला नाही. अजून बोलला नाही.

लोक म्हणतात, पाऊण घंटा होते. महाराजांनी मौन घेतलं. आता गर्दी तिप्पट आहे. आधी तो नाही म्हणे, मी महाराज नाही म्हणे, लोकांले थोडं अडचणीचं होई. आता तो काहीच म्हणत नाही. यादोरावाच्या हातावर चाव्याचा वण आहे, ते तो लोकांले दाखवतात. माईनं दिलेला प्रसाद. लोक त्या वणाले हात लावून डोळ्याले लावतात. वहिनी तिथंच बाजूले बसून गोमाजीले पेज भरवत असते. ते ऐकते अन् चमचा पुन्हा पेजेत बुडवते.

गावात आलेल्या एका डॉक्टरनं पाहिलं होतं. बोलले, डोक्याले हवा नाही पोचली, नागपूरले घेऊन जा, लवकर नेलं तर काही सुधारन. आम्ही बंडी जुंपली तर बायका चाकासमोर आडव्या झाल्या. गाव पोरकं करू नका. तीन वेळा जुंपली, तीन वेळा सोडली.

त्याची एक सवय आहे. हातात काही आलं, वहिनीचा पदर म्हणा, दावं म्हणा, तर तो दोन झटके देते. दोन. मंग थांबते. वाट पाहते. पुन्हा दोन. यादोरावाच्या हे ध्यानात आलं. त्यांनी तोच दोर आणला, एक टोक गोमाजीच्या हातात दिलं, दुसरं ओट्याखाली लोकांसाठी. लोक रांगेनं येतात, टोक धरतात, डोळे मिटून बसतात. दोन झटके आले का रडतात, कपाळ लावतात, अन् पुढच्याले जागा देतात. दिवसभर. यादोराव सगळ्यात शेवटी बसतात. झटके आले का हळूच बोलतात, "हो बाबू. आहो मी इथंच."

गोमाजी दिवसभर झटके देते. कोणी ओढत नाही.

या एक्क्याऐंशी सालीही तलाव अर्धाच आहे अन् धान निसवणीवर आला आहे. परवा यादोराव वहिनीले बोलले, "माई, यंदाही महाराजच." तिनं माझ्याकडं पाहिलं.

काल सकाळी रांग लागायच्या आधी मी गोठ्यात गेलो. बिडी पेटवली. ती तोंडात धरून ओट्यापाशी आलो अन् दोराचं टोक हातात घेतलं. यादोराव टाळ पुसून राहिले होते. "बिडी," ते बोलले, "अरे, बिडी टाक."

मी टाकली नाही. दोन झटके आले.

मी ओढलं.

गोमाजीनं मान वर केली. पहिल्यांदाच त्याची नजर कशावर तरी टेकली. मी पुन्हा ओढलं, हळूच. तो उठला. लंगडत एक पायरी उतरला, दुसरी उतरला. वहिनीनं पेजेचं भांडं खाली ठेवलं अन् त्याच्या मागून निघाली. आम्ही खळं ओलांडलं, धुऱ्या-धुऱ्यानं सडकेकडं निघालो. भंडाऱ्याची बस आठ वाजता येते, तिथून पुढं नागपूर. तो दोर घट्ट धरून येऊन राहिला होता, जसा काही अजून तळाशीच आहे अन् वर यायचं आहे.

अर्ध्या रस्त्यात मागून आवाज आला. आधी एक टाळ. मंग दुसरा. मंग पुष्कळ पाय, ओल्या धुऱ्यावरून. "महाराज निघाले! महाराजांची स्वारी निघाली!"

दोराले मागून ओढ लागल्यासारखं वाटलं. ती गोमाजीची होती का आणखी कोणाची, मी वळून पाहिलं नाही. बिडी अर्धी झाली होती.

मी ओढत राहिलो.